हाताच्या अंतरावरचा मंत्र

आई, तू गेल्यावरही तुझी जादूगारीण आमच्या खेळात जिवंत होती, हे तुला सांगायचं राहिलं. मुलुंडच्या आपल्या घरी रविवारी दुपारी आम्ही मित्र फासे आणि कागद घेऊन बसायचो. राक्षस, किल्ले, जादू, सगळं तोंडी; प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, ते काय करतं ते सांगायचं आणि फासे टाकून निकाल लावायचा. तू स्वयंपाकघरातून थालीपीठं आणून ठेवायचीस आणि उभ्याउभ्या शंका काढायचीस. "एवढं विचारताय तर बसा ना काकू," खेळ चालवणारा मित्र एकदा म्हणाला, आणि तू हात पुसून खरंच बसलीस.

तुझ्या वाट्याला जादूगारीण आली. नाजूक, दोन फटक्यांत आडवी होईल अशी. तिनं मागे राहून लांबून मंत्र टाकायचे असतात. तू पहिल्याच लढाईत काठी घेऊन पुढे निघालीस. मी वैतागून म्हणालो, "आई, मरशील, मागे थांब." तू म्हणालीस, "लांबून दगड कुणीही मारतं. आणि खेळतेय मी ना? मग तू गप्प बस." मित्रांसमोर बोललीस, म्हणून ते जास्त लागलं. त्या दिवशी तू वाचलीस ती निव्वळ फाशांच्या कृपेनं.

पुढे तू आजारी पडलीस आणि गेलीस. तुझी जादूगारीण मी चालवायला घेतली. इतकी वर्षं मी तिला सगळ्यांच्या मागे ठेवलं, कुठल्यातरी भिंतीआड. तिला साधं खरचटलंही नाही. हल्ली आम्ही भांडुपला त्याच खेळ चालवणाऱ्या मित्राकडे बसतो. सगळ्यांचे केस पिकायला लागलेत.

गेल्या रविवारी तिच्यासाठी नवा मंत्र निवडायचा होता. एक लांबून आगीचा गोळा फेकायचा, नेहमीसारखा. दुसरा जवळून मारायचा. त्यात काठीत वीज उतरते, शत्रूला ती लागते, आणि तो जागचा हलला तर त्याला पुन्हा झटका बसतो. मी हिशेब मांडला. गोळ्याचा मार बेताचा, पण धोका नाही. विजेचा मार दुप्पट होईल, पण शत्रू हलला तरच. नाही हलला तर तो समोरच उभा राहणार आणि हिलाच हाणणार.

"हिच्यासाठी भंगार मंत्र आहे हा," मी म्हणालो.

"हिशेब बरोबर आहे रे तुझा," मित्र म्हणाला. "पण त्याला तिथे अडकवला की बाकीचे सुटतात ना यार. काकूंनी हाच घेतला असता."

मी तो घेतला.

लढाई पुलावर होते. तू पुढे जातेस. काठी लागते, राक्षस पुढच्या झटक्याच्या भीतीनं जागच्या जागी थांबतो, आणि आमची माणसं एकेक करून पूल ओलांडतात. मग तो तुला मारतो. तू पडतेस. मंत्र चांगला निघाला, आई. माझ्या हिशेबात मी फक्त तुला धरलं होतं, बाकीच्यांना धरलंच नव्हतं.

"परत जिवंत करता येईल," मित्र हळू आवाजात म्हणाला. "तसा मंत्र आहे आपल्याकडे. करू?"

मी नको म्हणालो. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तुझा मान राखला असं सगळ्यांना वाटलं असणार. घरी येताना मला वाईट वाटेल म्हणून मी वाट बघत होतो. काही वाटलं नाही. तू गेलीस तेव्हाही आतून असाच कोरडा होतो. जेवलो, सोमवारसाठी ऑफिसचे कपडे काढून ठेवले, झोपलो.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला खरं सांगतो. तुला जिवंत ठेवून ठेवून मी कंटाळलो होतो.