क्लचच्या पेडलला बांधलेली दोरी

मी, शाळेची व्हॅन चालवणारी, मुलांची व्हॅनमावशी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा गुडघा नाही. आणि छातीच्या दुखण्याबद्दल डॉक्टरीणबाई हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात, त्यावरून काय समजायचं ते मी समजले आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकानं, भिडेनं किंवा रागाच्या भरात करीत नाही. राग आहे, पण तो आता चांगला मुरलेला आहे. याआधी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

कलम पहिलं. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढचं अंगण, मला माझ्या आईकडून आलं. ते माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावं. तिनं राहावं, विकावं, भाड्यानं द्यावं, माझी ना नाही. न्हाणीघराचं दार घट्ट बसतं म्हणून त्याला रंधा मात्र मारू नये. हवा कोरडी झाली की ते आपोआप सैल होतं. हे तिला तोंडी सांगून झालं, या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं, म्हणून आता लेखी.

कलम दुसरं. बँकेत असेल ते मुलीलाच. दागिने म्हणाल तर कानात आहेत तेवढेच.

कलम तिसरं. शेजारचे निवृत्त हेडक्लार्क यांनी माझ्या हॉर्नविरुद्ध शाळेकडे लेखी तक्रारी केल्या. तो कर्कश हॉर्न मी कधीच बदलला असून जुना माळ्यावर आहे. तो त्यांना द्यावा. त्यांना सकाळी फार शांत वाटू लागलं तर उपयोगी पडेल. अंगणात मी चक्कर येऊन पडले तेव्हा सर्वांत आधी तेच धावत आले होते, हेही इथे नमूद करते.

कलम चौथं. माझे मोठे दीर. नवरा गेल्यावर मी व्हॅन घेतली तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "वर्षाच्या आत खांबाला ठोकेल." त्यांना माझं लायसन्स फ्रेम करून द्यावं. खांब सगळे जागच्या जागी आहेत.

कलम पाचवं. (हे कलम मी एका रेघेनं खोडलं आहे. वाचता येईल असंच खोडलं आहे. कारण पुढे येतं.) अंगणातली व्हॅन माझ्या धाकट्या भावाला, ज्याचं वळणावर गॅरेज आहे, मिळावी. क्लचच्या पेडलसकट, आणि पेडलला बांधलेल्या दोरीसकट.

या दोरीबद्दल लिहिलं पाहिजे. माझ्या व्हॅनचा क्लच तेलावर चालतो. त्याच्या सिलिंडरमधलं रबर झिजलं की नळीत हवा शिरते, आणि मग दाबलेलं पेडल वर येतच नाही, खाली निपचित पडून राहतं. तसं झालं की मी पेडलला नायलॉनची दोरी बांधायचे. दाबायचं पायानं आणि उचलायचं हातानं. गिअर टाकला की मागून सगळी पोरं ओरडायची, "मावशी, दोरी!" ब्रेकची मात्र मी कधी हयगय केली नाही. क्लच दगा देतो तेव्हा गाडी फक्त रडते.

ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून नळीचं तोंड उघडायचं. खालच्याला पेडल दिसत नाही, वरच्याला नळी दिसत नाही. म्हणून बोलावंच लागतं.

आणि आम्ही दोघं बहीणभाऊ तर बोलत नव्हतो. आई गेली आणि या घरावरून शब्दाला शब्द वाढला. तो म्हणाला, "घरावर डोळा ठेवून आईला सांभाळलंस." मी म्हणाले, "तू तर डोळा ठेवूनसुद्धा फिरकला नाहीस." झालं. पण क्लच बिघडला की मी व्हॅन त्याच्याच दारात नेऊन उभी करायचे. तो काही न विचारता खाली शिरायचा.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"सोड."

एवढंच. इतकी वर्षं आमच्यात एवढंच बोलणं झालं. काही महिने पेडल शहाण्यासारखं वागायचं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एकदा स्पेअर पार्टच्या दुकानात मी सहज विचारलं, या गाडीचा क्लचचा सिलिंडर मिळतो का. दुकानदार म्हणाला, "बाई, तो तर तुमच्या भावानं केव्हाच नेलाय." पुढच्या खेपेला गॅरेजच्या फळीवर पाहिलं. खोका होता, धूळ खात पडलेला. नवा सिलिंडर टाकला असता तर मला पुन्हा यावं लागलं नसतं, म्हणून त्यानं टाकला नव्हता. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं. मी सीटवर जाऊन बसले आणि तो म्हणाला, "दाब." दुसरा एक मेकॅनिक गाडी कायमची नीट करून देत होता, त्याला मी नको म्हणून सांगितलं. मला माझा भाऊ हवा होता, आणि तो मिळवायचा दुसरा रस्ता मला ठाऊक नव्हता.

मग माझं गाडी चालवणं बंद झालं. व्हॅन अंगणात उभी, पेडल खाली पडलेलं. तो येईना, मी बोलावीना. मुलगी म्हणायची, "आई, मामाला एक फोन कर ना. काय जातं तुझं?" तिच्या गाडीला क्लचच नाही, तिला काय कळणार. तरी रोज वाटायचं, हे असंच राहून जाणार.

वरचा मजकूर वकिलीणबाईंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशी, साक्षीदार दोन लागतात. आणि ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्षीला राहू नये, पुढे वाद होतात." एक डॉक्टरीणबाई झाल्या. दुसरं कोण? मुलीला घर, शेजाऱ्यांना हॉर्न, दिरांना लायसन्स. विश्वासाच्या प्रत्येक माणसाला मी काही ना काही देऊन बसले होते. "असं कोणी नाही का, ज्याला काहीच दिलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी पेन मागितलं आणि पाचवं कलम खोडलं. मग फोन लावला.

"मी बोलतेय. सही करायला ये."

"कशावर?"

"माझ्या मृत्युपत्रावर. साक्षीदार हवाय."

"मला काय दिलंयस?"

"काही नाही."

"मग येतो," तो म्हणाला.

तो आला तो खोका बगलेत मारून. मी दारातच उभी होते. कसा आहेस, कशी आहेस, काही नाही. माझ्याकडे पाहिलं, माझे उतरलेले खांदे पाहिले, आणि त्याचे डोळे भरले. खोका पुढे करून म्हणाला, "ताई, टाकू का आता हा?"

"टाक," मी म्हणाले. "फार वर्षं मुरवलास."

मुलीनं धरून मला सीटवर बसवलं. वकिलीणबाई आणि डॉक्टरीणबाई अंगणात खुर्च्या टाकून बसल्या. त्यानं नवा सिलिंडर बसवला, गाडीखाली गेला आणि आवाज आला, "दाब." मी दाबलं. माझ्या पायात आता जोर नाही, तरी धरलं. तो "सोड" म्हणाला आणि पेडल आपलं आपण वर आलं, माझा पाय वर घेऊन आलं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा आलं.

"झालं गं," तो खालून म्हणाला. "दोरी सोड आता."

मला गाठ सुटेना, इतकी ती घट्ट बसली होती. त्यानं बाहेर येऊन सोडवली. तरी खालीच बसून राहिला, पेडलशी, माझ्या पायांपाशी. उद्या व्हॅन काढू, तू बाजूला बस, असं म्हणाला आहे.

व्हॅनची चावी मी आजच त्याच्या हातात दिली. ती या मृत्युपत्रातली नाही, जिवंतपणी दिलेली आहे, तेव्हा तिच्यावर कोणी हक्क सांगू नये.

कलम सहावं. दोरी मुलीला.

कलम सातवं आणि शेवटचं. या पानाच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा काळा डाग आहे. वकिलीणबाई म्हणाल्या, पान बदलू. मी बदलू दिलं नाही. तो ग्रीसचा डाग साक्षीदाराचा असून, कागद वाचायला घेताना हात पुसायचं त्याला सुचलं नाही. ही खाडाखोड समजू नये. हे पान कोणी स्वच्छ करू नये.

स्थळ: घराचं अंगण, व्हॅनशेजारी.
दिनांक: वकिलीणबाईंनी शिक्क्यात घातला आहे तोच.

मृत्युपत्र करणार: (सही) व्हॅनमावशी

साक्षीदार पहिल्या: (सही) डॉक्टरीणबाई. मृत्युपत्र करणार शुद्धीवर आहेत. सही करतेवेळी रडत होत्या, पण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. मला यातलं काही मिळालेलं नाही, हे खरं आहे. दाब म्हटल्यावर ताईनं दाबलं, हेही खरं आहे.