शोभाचं गाणं माझ्यामुळे थांबलं
पांढुर्णा, गुरुवार, नोव्हेंबर १९८७

शाळेत मी गाणं शिकवते, आणि आज माझ्यामुळेच शोभाचं गाणं बंद झालं. तिचे वडील सावरगावचे संत्रावाले. पोरीनं गावं हे त्यांना पटत नाही, म्हणून त्यांचं मन वळवायला, टीव्हीवरची गाणाऱ्या पोरापोरींची नवी मालिका पाहायला मी बापलेकीला घरी बोलावलं. मी स्वतः आधी एकही भाग न पाहता कशाला बोलावलं? रियाज कुठेच नाही, नुसतं केस उडवणं अन् प्रेमाच्या चिठ्ठ्या!

भाग संपला अन् ते उठलेच. "बाई, हेच शिकवून राहिल्या का तुमी? उद्यापासून शोभा येणार नाही."

मला उत्तर सुचलं नाही. खोटं. सुचलं होतं, पण मी घाबरले.

दारात चप्पल घालताना शोभा हळूच म्हणाली, "बाई, वाईट नका वाटून घेऊ. शेवटचं गाणं चांगलं होतं."