दोन्ही टोकांना वर्गमूळ

बिश्केक, ४ मार्च
नुरकमाल एजेंचा तास वाचला! विभागप्रमुख कुबातबेक तयार झाला, पण अट घालून— "आठवड्यातून एकच. फळ्यावर घोळ झाला की बंद. पोरं त्यांना हसली तर मला बघवणार नाही." तोही त्यांचाच विद्यार्थी. आम्ही सगळेच. एजे ही थोरल्या बहिणीची हाक, पण मला त्यांनी आईसारखं वाढवलं.

५ मार्च
एजेंनी आज दोनदा माझं नाव विचारलं.

११ मार्च
त्यांना आणायला गेले. कोट घातला, काढला, पुन्हा घातला.
"बुरुल्चा, आज काय शिकवायचंय ग?"
"वर्गमूळ, एजे. टोकाशी असलेलं."
"एवढंच ना? मग तुझा चेहरा का असा?"

फळ्यावर वक्र काढला— क्ष गुणिले (१ − क्ष), त्याचं वर्गमूळ, शून्यापासून एकपर्यंत. "पोरांनो, मध्ये बघा किती शहाणं आहे! टोकाशी आलं की भिंतीसारखं उभं. तिथंच संगणकाची क्षेत्रफळाची बेरीज अडखळते. म्हणून क्ष बदलायचा." पोरं हसली. चांगलं हसली. मला केवढं बरं वाटलं!

मग त्यांनी लिहिलं: क्ष = त²(३ − २त).

नुसता त² हवा, एका टोकापुरता. दुसऱ्याचं वेगळं बघायचं. हे शेपूट कुठून आलं? दारात कुबातबेक उभा. पोरं कुजबुजायच्या आत मी उठले. "एजे, त वर्ग एवढंच. बाकीचं पुसू?"
हळूच म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं.
त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असेल बाई. तू म्हणतेस तर असेल."
खडू खाली ठेवला.

१२ मार्च
तास बंद.

१५ मार्च
भांडी घासता घासता ते शेपूट डोक्यात फिरत होतं. ओल्या हातानंच करून पाहिलं. १ − क्ष म्हणजे (१ − त)²(१ + २त). वर्ग! तिकडेही वर्ग! दोन्ही मुळातून बाहेर येतात, आत उरतं ते कुठंच शून्य होत नाही. एका फटक्यात दोन्ही टोकं गुळगुळीत. घोळ नव्हताच!
ओट्याला धरून रडले.
कुबातबेकला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "पुन्हा उभं करायचं त्यांना?"
"हो."
"बघ विचारून. मला नाही वाटत."

१६ मार्च
त्यांच्या लेकीनं, ऐझारकिननं, दार उघडलं. "त्या दिवसापासून आई खिडकीशीच बसलीय."
एजेंनी तळलेल्या बोरसोकची बशी पुढे सरकवली. "खा बाळ. कुणाची तू?"
नाव सांगवेना. कागदावर सगळं मांडलं. त्यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ तपासली, कुठंही न अडखळता.
"सुरेख आहे ग! कुणी केलं?"
"तुम्ही, एजे. त्या दिवशी फळ्यावर. तुमचंच बरोबर होतं."
"छे! त्या दिवशी चुकले मी." माझा हात थोपटला. "नशीब, माझी बुरुल्चा होती तिथं. ती नाही चुकत."

१८ मार्च
एजेंचा तास कुबातबेकनं मला दिला. मी नाही म्हणाले नाही.