मी घेतलेलं नाव

५ फेब्रुवारी १९८९, रविवार. जळगाव
सकाळी दारात सुक्राम. माझा धाकटा भाऊ, चार वर्षांनी. मागे रिक्षात आबा, मान एका बाजूला, तोंड वाकडं, उजवा हात मेलेला.
"अक्का, आठ दिन घरना घरमा उतारा कया. काही फरक नही. आते तूच देख."
दानियलने आबांना उचलून आत आणलं. रोज पेशंट उचलते मी. बापाला हात लावता येईना.

७ फेब्रु.
आमच्याच दवाखान्यात दाखवलं. लकवा. बोलणं परत येईल की नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत.
मेहरूणच्या दोन खोल्या, त्यात आता आबांची खाट. दा. शाळेत शिकवायला जायच्या आधी त्यांना पेज भरवतो, हनुवटी पुसतो. आजोबांपासून ख्रिस्ती असलेल्या घरातला तो. भगत म्हणजे काय, हे त्याने फक्त ऐकलेलं. "सासरे आहेत," एवढंच म्हणतो.
त्याला माहीत नाही. कुणालाच नाही.

८ फेब्रु.
लिहून टाकते. नाहीतर डोकं फुटेल.
आठ वर्षांची होते. साक्रीच्या पलीकडचं आमचं गाव. शेजारच्या घरातला मुलगा तापाने गेला. लोक आबांकडे आले. कोणत्या डाकिणीने खाल्लं त्याला, नाव द्या. आबा गावचे भगत. त्यांनी मला आंघोळ घालायला लावली, पाटावर बसवलं, मुठीत ज्वारीचे दाणे दिले, अंगावरून घोंगडी टाकली.
"कोन दिसस?"
कोणी दिसत नव्हतं. घोंगडीचा वास, बस.
"कोन दिसस? बोल!"
त्या आवाजानंतर मार असायचा. मी म्हटलं, जमनाकाकी.
तिचंच का? सकाळी तिने भाजलेल्या शेंगा दिल्या होत्या. तोंडात चव होती अजून. तेवढंच कारण.
दुपारपर्यंत तिला दगडांनी मारलं. मी तिथेच होते. आबांनी खांद्यावर घेतलं होतं मला, दिसावं म्हणून.

१२ फेब्रु., रवि.
उपासनेत पाळकसाहेब क्षमेवर बोलले. मी मागच्या बाकावर बसले होते, अर्ध्यात उठून आले.
त्या दिवसानंतर वर्षभर मी बोलले नव्हते. गावात येणाऱ्या नर्सबाईंनी आईला समजावून मला धुळ्याच्या शाळेत नेलं, होस्टेलवर. तिथे बोलू लागले ते प्रार्थनेतच. सतरा वर्षांची असताना बाप्तिस्मा. पाण्यातून वर आले तेव्हा खरंच हलकी होते. सगळं देवाला सांगून झालं होतं.
पण त्याला तर आधीच माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना मी काहीच सांगितलं नाही.

१६ फेब्रु.
प्रार्थना येत नाही. "प्रभू" म्हणते, पुढे शब्द नाही. पलीकडच्या खाटेवर आबांचा श्वास. त्यांची चादर बदलताना मनात आलं, मरत का नाही हा माणूस.
नर्स आहे मी. ख्रिस्ताचं नाव लावते.

२० फेब्रु.
सुक्राम पुन्हा आला. आबांना बघायला म्हणे. खरी गोष्ट निघताना बाहेर आली. गावात हगवणीने दोन मुलं गेली. पाणी कुठलं पिता विचारलं, ऐकूनच घेईना. लोक नाव मागताहेत. आबा पडले, आता त्यांच्या जागी हा. पुढच्या आठवड्यात मंगळवारी बसायचं ठरलंय.
"लोके कमळवर बोट दखाडतस."
कमळ. जमनाकाकीची मुलगी. आई गेली तेव्हा सहा वर्षांची होती.
"का रे? काय केलं तिने?"
"डाकीणनी पोर शे ना ती."
"आणि दाणे कुणाच्या मुठीत देणार?"
चपलेत पाय घातला. मग म्हणाला, "मन्ही मंगलना."
मंगल त्याची मुलगी. आठ वर्षांची.
मी त्याच्या थोबाडीत मारली. मारताना हात आबांचाच होता, तेवढाच जड. तो गेल्यावर मोरीत जाऊन हात धूत बसले.

२१ फेब्रु.
दा. ला सांगितलं. शाळेतून आला, चहा ठेवला, त्याच्यासमोर बसून सगळं. चहा तसाच राहिला.
तो म्हणाला, "बारा वर्षं झाली लग्नाला, सुमन."
मग, "मला जरा बाहेर जाऊ दे."
तलावावर जाऊन आला. चप्पल न काढता दारातच उभा राहिला. "पोलिसांना मी कळवतो. पण ते मंगळवारपुरतं. पुढचं?"
पुढचं मला माहीत होतं. गावाच्या डोक्यात ते नाव मी घातलं. ते पोलीस कसं काढणार?

२२ फेब्रु.
आबांना विचारलं. "मला काही दिसलं नव्हतं, हे माहीत होतं ना तुम्हाला?"
माझ्याकडे बघत होते. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. लकव्यात तसंही येतं. रडले असं लिहावंसं वाटतंय. लिहिणार नाही.

२६ फेब्रु., रवि.
पाळकसाहेबांना सांगितलं. वाटलं होतं म्हणतील, झालं ते झालं, तुझी क्षमा झालेली आहे. तसं म्हणाले असते तर मी गावात जायचं ठरवलं नसतं. ते म्हणाले, "भीती वाटते?" हो म्हटलं. म्हणाले, "मलाही वाटली असती." माझ्याबरोबर गुडघे टेकले. ते बोलत होते, मी नुसती रडत होते.

१ मार्च. धुळे
एस.टी. स्टँडवर बसून लिहितेय. खांदा दुखतोय.
काल दुपारी गावात पोचले. सुक्रामच्या ओट्यापुढे सगळे जमलेले. मंगल पाटावर. ओले केस, मूठ घट्ट. दा.ने कळवल्याप्रमाणे साक्रीहून दोन पोलीस आले होते, कडेला उभे. मंगलला उठवून तिच्या आईकडे दिलं आणि मीच पाटावर बसले. वाटलं होतं आवाज फुटणार नाही.
"बठ्ठा ऐका. माले तवय काहीच दिसनं नही. आबाना धाकमा मी जमनाकाकीनं नाव लिधं. ती डाकीण नव्हती. मन्हा खोटा बोलवर तुम्ही तिले मारं."
मग एक म्हातारा थुंकला. एक बाई म्हणाली, "किरिस्ताव व्हयनी, आते हाईच डाकीण." एक दगड आला. पोलीस होते म्हणून एकच.
सुक्रामने घोंगडी घडी करून आत नेली. "आज नही," म्हणाला लोकांना. कधीच नाही, असं म्हणाला नाही.
कमळ मागे भिंतीला टेकून होती. ती उठली, घरी गेली, दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. काय हाक मारणार?

५ मार्च
काहीच हलकं वाटत नाही. कुणी सांगितलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटतं?
गावाहून निरोप. लोक आता म्हणतात, सुमन आणि कमळ दोघी एक, मिळून करतात. तिला हापशावर पाणी भरू देत नाहीत. मी तिला वाचवायला गेले आणि बापाप्रमाणेच...
देवा, तूच पाठवलंस ना? की मी स्वतःच गेले, माझं ओझं उतरावं म्हणून?

१३ मार्च
आबा गेले. दा. पेज भरवत होता, घास तोंडातच राहिला. सुक्राम देह घेऊन गेला. मला गावात येऊ नको म्हणाला. म्हणाला, "मी मंगलले शाळामा धाडसू."
मी रडले. कुणासाठी ते कळलं नाही.

१८ मार्च
आज "प्रभू"नंतर एक शब्द आला. कमळ. तिथेच थांबले. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

२५ मार्च, शनि.
दुपारची ड्युटी. ओपीडीच्या बाकावर कमळ. शेजारी गाठोडं. अंगावर जखम नाही, ते आधी पाहिलं.
घरी चल म्हटलं. नाही म्हणून मान हलवली. पाणी दिलं, घेतलं नाही.
मी म्हटलं, "कमळ, मला माफ..."
"ते मंग." हात वर केला तिने. "माले त्या दिन मामाकडे धाडेल व्हतं. माले कोनी काहीच सांगं नही. तू तठे व्हतीस. मन्ही माय शेवटे काय बोलनी?"
चोवीस वर्षं मला ते शब्द पाठ आहेत. या वहीतसुद्धा लिहिले नाहीत.
तिच्या शेजारी बाकावर बसले. कमळने डोक्यावरचा पदर कानामागे सारला.