दिलावरचा फोन, माझा कॉम्प्युटर

३ नोव्हेंबर, सोमवार

फोन! फोन! फोन! या दिलावरच्या तोंडात दुसरा शब्द नाही. तालुक्याला, मालेगावात स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, टेबलावर तीन-तीन कॉम्प्युटर उघडे पडलेले, आणि मला सांगतो — "इंद्रभान, हे टाइप केलेलं रेडिओवरून धाडायचं सॉफ्टवेअर फोनवरच घे. रेडिओच्या स्पीकरसमोर फोन ठेवला का अक्षरं दिसते." मी पाटीवर लिहिलं — खेळणं हाये ते. मले कॉम्प्युटरवरच पायजे.

ऑपरेशनला सात महिने झाले. स्वरयंत्रच काढलं. बावीस वर्षं मेडशीतून हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, बोललो, आता टाइप करून बोलायचं म्हणे. राग आला तरी ओरडता येत नाही, म्हणून ही वही. दिलावर आणि मी बावीस वर्षं एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. गेलं फक्त माझं. लिहू नये, पण लिहितो — हे मला सहन होत नाही.

४ नोव्हेंबर

कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकलं. पडद्यावर पिवळ्या रेघा सरकतात, म्हणजे सिग्नल येतोय. अक्षर मात्र एक नाही! तुळसा म्हणते, "मंग व्हॉट्सअ‍ॅप कायले हाये?" हिच्याबरोबर बत्तीस वर्षं संसार केला! व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीचीच माणसं. हवेत कोण सापडेल ते माहीत नसतं, हे हिला कसं सांगू? पाटीवर एवढं मावत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिलावर एसटीने आला. आल्या आल्या माझ्या रेडिओसमोर फोन ठेवला. दोन मिनिटांत अक्षरं — श्रीलंकेतला कोणीतरी! "मले दिसून राह्यलं ना बे. तुलेच काहून नाही दिसत?"

पाटी टेबलावर आपटली. कोपरा उडाला. उरलेल्या भागावर लिहिलं — तुले काय, तुया गळा शाबूत हाये. जाय.

त्याने वाचलं. फोन खिशात घातला. चहा न पिता गेला. तुळसा दिवसभर भांडी आदळते आहे. "जीव लावते तो मानूस, अन् तुमी…"

चुकलं माझं. पण मी तरी काय करू! दर रविवारी सकाळी आठला जिल्ह्यातले हॅम रेडिओवर जमतात, दिलावर हजेरी घेतो. माझं नाव अजून पुकारतो. पुकारतो, थोडा थांबतो, मग पुढचं नाव. त्याचं ते थांबणं सात महिने ऐकतोय. आता नको. या रविवारी उत्तर देता आलं नाही तर अँटेना उतरवायचा. शेजारच्या देवमनला शिडी घेऊन बोलावलंय.

७ नोव्हेंबर

अक्षर नाही. सॉफ्टवेअर काढलं, परत टाकलं. नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

गाढव! गाढव मी!

संध्याकाळी घरातल्या साध्या रेडिओवर सातच्या बातम्यांआधीचं पिप-पिप वाजलं. तुळसा चहा घेऊन उभी. "सात आत्ता वाजले. तुमच्या कंपूटरात तं कवाच सात-वीस झाले." आणि हसली.

आमच्या घरातलं प्रत्येक घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं. एसटी चुकू नये म्हणून. नियम माझाच! कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, तेव्हा भिंतीवर बघून त्याचंही घड्याळ मीच हाताने लावलेलं. आणि या सॉफ्टवेअरचा सगळा खेळ वेळेचा. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात, विहिरीवरच्या मोटरीसारख्या. ज्याने त्याने पाळी धरायची. बरोबर वीस मिनिटं पुढे असतं तरी पाळ्या जुळल्या असत्या. हाताने लावताना वर गेलेले आठ सेकंद नडले! फोन आपली वेळ टॉवरवरून घेतो, म्हणून त्याला सगळं दिसत होतं. आणि मी शिव्या दिल्या दिलावरला!

आठच्या पिपवर घड्याळ लावलं. पडदा अक्षरांनी भरला. तुळसाला हाताला धरून आणलं, दाखवलं. "इंग्लिश हाये," म्हणाली. पण बराच वेळ बघत बसली.

दिलावरला फोनवर मेसेज टाकला — उद्या हजेरीच्या वेळी तुझा फोन रेडिओसमोर उघडा ठेव.

९ नोव्हेंबर, रविवार

नाव पुकारलं. थांबला. मी रोमन अक्षरांत मराठी ठोकलं — इंद्रभान, मेडशी. हजर. दिलावर, माफ कर.

चार पाळ्या लागल्या. मग त्याने सगळ्यांना वाचून दाखवलं — "इंद्रभान, मेडशी. हजर." पुढचं वाचलं नाही. आवाज फार बसलेला. रडला असणार लेकाचा. मीही रडलो. इंझोरीचा भाऊसिंग मध्येच घुसून ओरडला, "आलास का बे!" शिडी घेऊन आलेल्या देवमनला चहा पाजून परत पाठवलं.

तरी एक सांगतो, फोन म्हणजे खेळणंच! कॉम्प्युटरची सर त्याला नाही. बुधवारी त्याच्या दुकानात जाऊन हे पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पडद्यावर दिलावरची अक्षरं. हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी — "बुधवारी येऊ नको. अकोल्याले भरती होऊन राह्यलो. तुयं झालं तेच ऑपरेशन. खाटेवर कॉम्प्युटर कसा ठेवू? मले आता फोनच चालन, म्हणून तुलेबी फोनच म्हणत होतो बे."

पुढची पाळी धरली. ठोकलं — बुधवारी अकोल्याले येतो. फोन घेऊन.