एकाच नकाशाच्या एकतीस प्रती

१२ जानेवारी
लॅपटॉपने आज हात वर केले — डिस्क भरली! तिसरं प्रकरण तपासायला घेतलं, तर नवं सॉफ्टवेअर बसेचना. प्रकाशकांनी कागदावरची मुद्रितं बंद केलीत. आता शुद्धलेखन तपासायचं ते त्यांच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याला वीस जीबी जागा हवी. माझ्याकडे उरलीय दीड. लॅपटॉप यांचा, नऊ वर्षांचा म्हातारा. पंखा असा घरघरतो की शेजारीण विचारते, मिक्सर लावलाय का?

हे खिडकीशी बसले होते. म्हटलं, अहो, तुमच्या ऑफिसच्या फायली काढू का? "काढ की." पाच मिनिटांनी — "कुठल्या फायली?"

१३ जानेवारी
लेकीने फोनवर युक्ती सांगितली. "आई, एकाच फाईलच्या सतरा प्रती असतात. त्या शोधून देणारं टूल टाक. एक ठेव, बाकीच्या उडव. आणि रिसायकल बिन रिकामी कर, नाहीतर जागा अडून राहते."

सतरा कसल्या! एका नकाशाच्या एकतीस निघाल्या! 'अंतिम', 'अंतिम २', 'खरा अंतिम', 'हाच घ्यावा', 'हाच घ्यावा नवीन'. उघडून पाहिल्या तर काडीचा फरक नाही. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. यांना हाक मारून दाखवलं. हेही हसले — पण माझ्याकडे बघून, स्क्रीनकडे नाही.

सगळं साफ. बिनही रिकामी. सव्वीस जीबी!

१४ जानेवारी
सॉफ्टवेअर बसलं. तिसरं प्रकरण तपासून सेव्ह झालं. एकदाची सुटले.

१७ जानेवारी
यांना शेजारीण घेऊन आली. दुसऱ्या मजल्यावर उभे होते, आपलं दार कुठलं ते कळेना म्हणून. आपण चौथ्यावर राहतो.

नोकरी गेल्यापासून खचलेत, असं मी सगळ्यांना सांगते. तीन वर्षं झाली. वीज कंपनीत नकाशे काढायचे — जमिनीखालून तारा कुठून जातात त्याचे. एकदा खोदकामाला जुनाच नकाशा गेला. खोदणाऱ्याची पहार जिवंत तारेवर पडली. माणूस वाचला, उजवा हात गेला. चौकशीत ठपका आला : निष्काळजीपणा. यांनी तोंडातून ब्र काढला नाही. मीही खोदून विचारलं नाही. लाज वाटायची. लग्नकार्यांना जाणंच सोडलं.

२२ जानेवारी
डॉक्टरीणबाईंनी यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. यांनी — ज्यांनी आयुष्यभर रेघा मारल्या त्यांनी — सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीने लिहिले. मग पेन्सिल नीट जागेवर ठेवली.

मला म्हणाल्या, "कधीपासून आहे हे?" वर्ष झालं असेल, मी म्हटलं. "नाही हो. वर्षभरात एवढं होत नाही. पाच-सहा वर्षं तरी झाली असणार. तेव्हाच्या वह्या, कागद काही आहेत? त्यात दिसतं बरेचदा. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केलेली असते."

एकतीस प्रती! सेव्ह करायचे, विसरायचे, भीतीने पुन्हा करायचे. प्रत्येकीपुढे तारीख होती, अपघाताच्या आधीची. मी त्या तारखा डोळ्यांनी बघितल्या. दुसऱ्याचा सुटलेला अनुस्वार पकडणारी बाई मी — आणि हसत बसले.

२३ जानेवारी
लेक म्हणाली, "आई, हे दाखवलं तर बाबांवरचा ठपका पुसता येईल! आजारी होते ते. वरच्या समितीकडे अर्ज करता येतो." मग थांबून, "बिन रिकामी केलीस का गं?"

"तूच सांगितलंस ना!" — ओरडलेच. ती रडली. फोन ठेवला. माझ्या जिभेला हाड म्हणून नाही.

२५ जानेवारी
लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे. "काकू, पुसल्यानंतर वापरलात का हा?" रोज, म्हटलं. त्याने च् च् केलं. "त्याच जागेवर नवं बसलेलं असणार. हाती लागेल ते आपलं."

२९ जानेवारी
दुकानातून फोन नाही. यांनी विचारलं, "कशाची वाट बघतेयस?" सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

१ फेब्रुवारी
पेनड्राइव्ह मिळाला. "नकाशे बरेच गेले काकू. अकरा उघडतात, तारखांसकट. आणि एक पत्र सापडलंय. ते तुम्ही पुसलेलं नाही. फार आधी कुणीतरी पुसलंय."

लेकीला लगेच कळवलं. दोघीही एकदम 'सॉरी' म्हणालो. अकरा पुरतील, म्हणते ती. अर्ज तिने टाकलाच होता, समिती परवा भेटणार आहे. पत्र उद्या वाचीन.

२ फेब्रुवारी
पत्र यांचंच. साहेबांना लिहिलेलं, अपघाताच्या चार महिने आधी. बहुधा दिलंच नाही. "माझ्या लक्षात राहत नाही. माझ्या हातून कुणाला तरी इजा होईल. कृपया नकाशांवरून काढून मला दुसरं काम द्यावं." आणि शेवटी : "घरी दोनदा बोललो. पत्नी म्हणते, असलं काही लिहून देऊ नका, चारचौघांत हसं होईल. मुकाट्याने कामावर जा."

दोनदा. मला एकदाही आठवत नाही.

ती ओळ काढता आली असती. नाही काढली. दोन प्रती छापल्या. एक समितीला. दुसरी मी स्वतः घेऊन जाणार आहे — त्या खोदणाऱ्याच्या घरी.