वजन न विचारता

मंगळवार, १२ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. फोन सोडून पत्र काय लिहीत बसलाय हा, म्हणशील. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, हे एक. दुसरं कारण पुढे येईल.

इकडे नेहमीचंच. डायलिसिसच्या आठही खुर्च्या भरलेल्या. खिडकीजवळचे मास्तर सुई टोचून घेताना अजूनही सिस्टरलाच धीर देतात, "घाबरू नका, मला सवय आहे!" काल मला म्हणाले, "डॉक्टर, चेहरा का पडलाय?" जेवलो नाही, असं सांगून सटकलो.

तुझे रक्ताचे रिपोर्ट शनिवारीच आले. "अजून यायचेत" ही थाप मी तुला तीनदा मारली. तुझ्या दोन्ही किडन्या मिळून जेमतेम बारा टक्के काम करताहेत. पायांची सूज तू म्हणतेस तशी उभं राहून आलेली नाही.

आता जे टाळत होतो ते. तीन वर्षांपूर्वी तू मला रिपोर्टचा फोटो पाठवला होतास. क्रिएटिनिन एक पूर्णांक एक. गाडी लावता लावता पाहिला आणि कळवलं, "ठणठणीत आहेस, उगाच डोकं खाऊ नकोस." ताई, क्रिएटिनिन म्हणजे किडनी रक्तातून गाळते तो कचरा, आणि तो स्नायूंमधून येतो; स्नायू कमी तर आकडाही कमीच दिसतो. धडधाकट माणसाला तेवढा ठीक, पण तुझ्यासारख्या अडतीस किलोच्या काडीपैलवानाला नाही. वय आणि वजन धरून हिशेब केला असता तर तेव्हाच कळलं असतं, की किडन्यांचं दोन तृतीयांश काम बंद पडलंय. केसपेपरवर वजन नसेल तर मी शिकाऊ डॉक्टरांना दारातून परत पाठवतो. तुला मात्र विचारलं नाही. आपलीच ताई, तिला काय तपासायचं!

आणि माझं संशोधन कशावर? बारीक माणसांत हाच आकडा कसा फसवतो, यावर. दोनशे चौदा पानांचा प्रबंध तूच टाइप केलास, ऑफिस सुटल्यावर, बोटं दुखेपर्यंत. माझी मलाच लाज वाटते. तेव्हा उपचार सुरू झाले असते तर आणखी काही वर्षं निभावली असती. ती मी घालवली. भावोजींना हे मीच सांगणार, तू मध्ये पडू नकोस.

तुझी केस आता माझ्याकडे नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या डॉक्टरीणबाई बघतील. मला तोंडावर झापतात, म्हणून त्याच बऱ्या. गुरुवारी सकाळी दहाला ये, रिकाम्या पोटी नको.

आपला रक्तगट एकच आहे. बाईंनी कालपासून माझ्याही तपासण्या सुरू केल्यात. सगळं जुळलं तर माझी एक किडनी तुला. लगेच म्हणशील, "आधी तुझ्या पोरांचं बघ." घरी सांगितलंय. बायको आधी रडली, मग म्हणाली, "ताईंना विचारत बसू नका, सांगून मोकळे व्हा."

ही माफीसाठी लाच नाही, ताई. माफ करू नकोस, जन्मभर बोल, चारचौघांत बोल, ऐकून घेईन. पण किडनीला नाही म्हणू नकोस. मला तू हवी आहेस.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारा,
धाकटा